खिडकीतला म्हातारा

आमच्या कार्यालयातला म्हातारा गेला तेव्हा मी त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो. आधी त्याच्या पोटातून किर्र आवाज आला. मग पडदा एकदा हिरवा झाला, एकदा जांभळा झाला आणि शेवटी काळा झाला तो कायमचाच. मी सवयीने त्याच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. एरवी तेवढ्यावर तो उठायचा. या वेळी उठला नाही.

म्हातारा म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागातला जुना संगणक. वय वर्षे सव्वीस. शहरात जमिनीखाली कुठे कुठला नळ जातो आणि तो बंद करायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे पुरलाय, हे फक्त त्याला माहीत होतं. चार हजार तीनशे बारा व्हॉल्व्ह. कागदी नकाशेही होते, पण ते तळघरात ठेवलेले होते आणि तळघरात पाणी शिरलं होतं. पाणीपुरवठा खात्याच्याच तळघरात पाणी शिरावं यावर बाहेरचे लोक हसतात. आम्ही आता हसत नाही.

ही सगळी माहिती एका प्रोग्राममध्ये होती. तो आमच्याच एका इंजिनिअरने त्या काळात एकट्याने लिहिला आणि पुढे तो नोकरी सोडून कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. प्रोग्राम उत्तम होता, पण हट्टी. त्या वेळच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचा. नव्या संगणकावर घालून बघितला की नवा संगणक दोन ओळींत नम्रपणे नकार द्यायचा.

साहेबांनी तातडीची बैठक घेतली. सगळे खाली बघत होते. अशा शांततेत मला बोलायची फार वाईट खोड आहे. मी म्हणालो, "सर, आठ दिवस द्या. त्याच्यातली डिस्क काढू, दुसऱ्या संगणकाला जोडू, प्रोग्राम चालू. एवढंच तर आहे."

"तुम्ही कराल?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो. संगणकाची डिस्क दिसायला कशी असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, ही गोष्ट मी बैठकीत काढली नाही.

डिस्क काढणं सोपं निघालं. चार स्क्रू. ती इमारतीबाहेर नेणं अवघड निघालं. जडवस्तू नोंदवहीत 'संगणक, एक नग' अशी नोंद होती. भांडारपालाचं म्हणणं असं, की एक नग न्यायचा तर अख्खा न्या. नगाचा तुकडा नेण्याची तरतूद नाही. मी म्हणालो, अहो, मेलेल्या माणसाचे डोळेसुद्धा काढून नेता येतात. ते म्हणाले, त्याचा फॉर्म वेगळा. शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की 'सदर नगातील एक डबी प्रत काढण्याकामी दोन दिवस बाहेर नेण्यास हरकत नाही.' तेव्हापासून त्या डिस्कचं नाव डबी पडलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबी कानाशी धरून हलवून पाहिली. चार हजार तीनशे बारा व्हॉल्व्ह त्याच्या मुठीत खुळखुळत होते.

घरी आलो तर दिवाणखान्यात सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून महिनाभर त्या आमच्याकडे होत्या. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली त्यांनी. ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तांत्रिक विभागाच्या पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्या. मांडीवर लॅपटॉप असायचा. मला वाटायचं, त्या विणकामाचे नमुने बघतात.

"काय आणलंत, जावईबापू?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऑफिसचं आहे, आई. जरा तांत्रिक आहे."

"असं का," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. या 'असं का'मध्ये काय काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या इमारतीत बातमी जिन्याने येत नाही, ती भिंतींतून झिरपते. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरचे मॅनेजरकाका हजर झाले. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक विषयात रुजू झालेत. डबी हातात घेऊन त्यांनी डॉक्टरसारखा चेहरा केला. "जुनी डिस्क ना? मग आधी फ्रीजरमध्ये ठेवायची. आतले भाग आकसतात, मोकळे होतात. आमच्या शाखेत एकदा केलं होतं."

"चालली होती?"

"ते मला माहीत नाही. माझी बदली झाली."

आता इतक्या अर्धवट पुराव्यावर शहाणा माणूस काही करणार नाही. मी केलं. डबी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मटारांच्या मागे ठेवली. तासाभराने बायकोने मटार काढायला फ्रीजर उघडला.

"अहो, हे काय आहे?"

"शहराचा पाणीपुरवठा."

बायको शाळेत भूगोल शिकवते. पाणीपुरवठ्याचे स्रोत ती मुलांना दर वर्षी समजावून सांगते; त्यात फ्रीजर हा स्रोत तिने कधी सांगितला नव्हता. ती सरळ आईकडे गेली. सासूबाई कुबडी घेऊन उठल्या, स्वयंपाकघरात आल्या, आणि त्यांनी डबी माझ्या हातून काढून घेतली. तान्हं मूल घ्यावं तशी. "बिचारीला काही झालेलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "गेलेला संगणक होता. ही धडधाकट आहे. आता हिला पडसं होईल." त्यांनी डबी कोरड्या फडक्यात ठेवून तिला दिवसभर हात लावायचा नाही असं बजावलं. बजावलं मला.

माझा स्वाभिमान दुखावला. दुखावलेल्या स्वाभिमानाने माणूस गप्प बसला तर जगातले निम्मे घोटाळे होणार नाहीत. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यात सांगितलं होतं की त्यांच्या दवाखान्याचा जुना संगणक भंगारवाल्याकडे गेलाय, त्याच काळातला आहे, तोच आणा की. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो आणला. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तीन मजले छातीशी धरून चढवला. वाटेत मॅनेजरकाकांनी मला दोनदा थांबवून तो कसा धरावा हे सांगितलं. स्वतः धरला नाही.

देवाची कृपा की डबी अजून फडक्यात होती. मी आधी नुसताच संगणक सुरू करून पाहायचं ठरवलं. बटण दाबलं. आतून एक चुर्र असा आवाज आला, दातांच्या दवाखान्यात येतो तसाच, मग एक पांढरी धुराची रेघ निघाली, आणि घरातले दिवे गेले. मग जिन्यातले गेले. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्यांनीच सल्ला दिला होता, याची त्यांना त्या वेळी जिन्यात उभं राहून आठवण करून देणं बरं दिसलं नसतं. पण मनातल्या मनात करून दिली.

वीज आल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली. "बसा. जरा माझं ऐकाल?"

मी बसलो. आता ऐकण्याखेरीज माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"तुम्हाला जुना संगणक हवाय कशाला? त्या प्रोग्रामला आपण जुन्या संगणकात आहोत असं वाटलं म्हणजे झालं."

"वाटलं म्हणजे?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ब्राउझर उघडा होता. पहिल्या टॅबमध्ये बायकोचं शाळेचं वेळापत्रक, दुसऱ्यात हवामान, तिसऱ्यात काहीतरी साधंसं पान, त्यात एक काळा चौकोन. त्यांनी एक बटण दाबलं. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं उमटू लागली. आकडे भराभर वाढत गेले. संगणक आपली स्मरणशक्ती मोजत होता, सकाळी कार्यालयात म्हातारा मोजायचा तशीच. मग चौकोन क्षणभर रिकामा झाला. मग एक जुनं, जाड कोपऱ्यांचं, करड्या रंगाचं चित्र आलं आणि लॅपटॉपमधून ती चार सुरांची धून वाजली. सव्वीस वर्षं माझ्या कामाची सुरुवात त्या धुनेने झाली होती. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हा मी खोकल्याचं निमित्त केलं होतं.

"हे रेकॉर्डिंग आहे?" मी विचारलं.

"हात लावून बघा."

मी माऊस हलवला. बाण हलला. एका चित्रावर दोनदा टिचकी मारली. खिडकी उघडली. रिकामी वही. मी त्यात माझं नाव लिहिलं. ते तिथे उमटलं. ब्राउझरच्या एका टॅबमध्ये, हवामानाच्या शेजारी, एक अख्खा संगणक बसला होता, सगळ्या बिऱ्हाडासकट.

"पण हा आहे कुठे?" मी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. खरंच पाहिलं.

"कुठेच नाही," सासूबाई हसल्या. "हे बघा, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचं घर चालवणारी बाई. पडद्यावर काय मांडायचं, फाइल कुठल्या फळीवर ठेवायची, सगळं ती बघते. तिला सारख्या चौकशा करायच्या असतात. डिस्कला विचारते, अमुक पानावर काय आहे? माऊसला विचारते, तू कुठे आहेस? इथे खरी डिस्क नाही, खरा प्रोसेसर नाही. हे पानच प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतं. उत्तर बरोबर असलं की बाई खूश. आपण खिडकीत बसलोय हे तिला कळतसुद्धा नाही."

"आणि हे तिला फसवणं झालं नाही?"

"आमच्या एक्स्चेंजमध्ये माणसाला वाटायचं, आपण थेट बहिणीशी बोलतोय. मध्ये मी किती तारा जोडल्यात हे त्याला कधी कळलं? त्याचं बोलणं मात्र खरंच व्हायचं ना?"

कोणी एका माणसाने, किंवा दहा माणसांनी, कुठेतरी बसून एका प्रोसेसरचा प्रत्येक स्वभाव, त्याची प्रत्येक लहर, त्याच्या चुकासुद्धा जशाच्या तशा लिहून काढल्या होत्या, आणि कोणीही उघडावं म्हणून ते पान उघडं ठेवलं होतं. मला घरातल्या घरात चष्मा सापडत नाही.

डबी कोरडी झाल्यावर सासूबाईंनी ती एका तारेने लॅपटॉपला जोडली आणि तिची हुबेहूब प्रत काढायला घेतली. तीनदा मध्येच अडकली. चौथ्या खेपेला त्यांनी न वाचता येणाऱ्या जागा वगळून पुढे जायला सांगितलं, आणि त्या दुपारी सव्वाचारला अख्खा म्हातारा एका फाइलमध्ये उतरला. त्याच्या सव्वीस वर्षांच्या आठवणी माझ्या फोनमधल्या पुतणीच्या नाचाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागेत मावल्या. ती फाइल त्या पानाला दाखवली आणि काळा चौकोन पुन्हा जागा झाला. या वेळी समोर आमचाच प्रोग्राम होता. निळी पट्टी, पिवळी अक्षरं, वर इंजिनिअरने स्वतः काढलेलं नळाचं चित्र. नळातून एक थेंब पडायचा आणि परत वर जायचा. तो पडला आणि परत वर गेला.

"आता मी करतो," मी म्हणालो.

पुढच्या पंधरा मिनिटांत मी हरवलो. आतल्या संगणकावर टिचकी मारली की माऊस आत जातो आणि आतच राहतो. बाहेर येईना. मी डावीकडे नेला, उजवीकडे नेला, टेबलाच्या कडेवरून खाली पाडला. शेजारच्या टॅबमधलं हवामान दिसत होतं, पण तिथे जाता येत नव्हतं. "अगं, मी आत अडकलोय!" मी बायकोला हाक मारली. ती न्हाणीघराकडे धावली.

"एस्केप दाबा," सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून दिवसभर बसलो आणि गेल्या वर्षी बदललेल्या चाळीस व्हॉल्व्हची माहिती प्रोग्राममध्ये भरली. पाठ मोडली, पण छाती फुगली. संध्याकाळी फार टॅब उघडे दिसले म्हणून, घर आवरावं तसं, मी ते एकेक करून बंद केले. हवामान बंद. वेळापत्रक बंद. म्हातारा बंद.

पुन्हा उघडला तर तो ताजातवाना, आणि चाळीसपैकी एकही व्हॉल्व्ह आठवत नव्हता.

"स्थिती जतन करायची असते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ते बटण कोपऱ्यात आहे. मी सांगणार होते, पण तुम्ही म्हणालात, तांत्रिक आहे." मग माझा चेहरा पाहून त्या माझ्या शेजारी बसल्या, कागद स्वतःकडे ओढला, आणि मी वाचत गेलो तसे चाळीसच्या चाळीस व्हॉल्व्ह त्यांनी तासाभरात पुन्हा भरले. त्यांची बोटं इतकी वेगाने चालत होती की मी दोनदा मागे पडलो, आणि वाचणारा मी होतो.

आता राहिलं कार्यालय. तिथे गाठ होती कडीसाहेबांशी. हे संगणक कक्षाचे प्रमुख. खात्यातल्या प्रत्येक संगणकाला त्यांनी इतक्या कड्या घातल्या होत्या की आम्हाला पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. उंच, सडपातळ, टाय घालणारा माणूस, आणि 'नाही' हा शब्द इतका हळू उच्चारायचा की तो 'हो' वाटून लोक दोन पावलं पुढे जायचे. मी सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी माझ्यापुढे अकरा पानांचा अर्ज ठेवला. 'नवीन सॉफ्टवेअर बसवण्याबाबत.' निर्णय तीन महिन्यांत. पान सातवर प्रश्न होता: सॉफ्टवेअरच्या निर्मात्याचा सध्याचा पत्ता.

घरी येऊन अर्ज सासूबाईंना दाखवला. त्यांनी शीर्षक वाचलं आणि परत दिला. "हा आपल्यासाठी नाहीच. आपल्याला कुठे काय बसवायचंय? ब्राउझर तिथे आहेच. एक पान उघडायचं आणि त्याला एक फाइल दाखवायची. फाइल तिथल्या तिथे राहते, बाहेर जात नाही."

ठेकेदार नकाशे पाठवतात त्या आवक कप्प्यातून साहेबांच्या सहीने म्हाताऱ्याची फाइल रीतसर आत आली. आवक कारकुनाने विषय विचारला. मी म्हणालो, "जुना नकाशा." खोटं नव्हतं.

हे झालं सोमवारी. मंगळवारी सकाळी दहाला मोठा नळ फुटला.

फुटला तो नेमका प्रसूतिगृहासमोर. रस्ता उखडून पाणी पुरुषभर उंच उडत होतं आणि दारातून थेट आत जात होतं. तळमजल्यावर शस्त्रक्रियेची खोली, लिफ्ट बंद, एक बाई आत टेबलावर. साहेब फोनवर कोणाला तरी 'हो, हो, पाच मिनिटं' म्हणत होते आणि त्यांचा आवाज चिरकत होता. व्हॉल्व्ह बंद करायला चावीकाका गेले होते. तीस वर्षं हातात ती लांब लोखंडी चावी घेऊन फिरणारा माणूस, निम्मं शहर त्यांना तोंडपाठ. पण हा व्हॉल्व्ह उरलेल्या निम्म्यातला होता. त्यांनी आतापर्यंत तीन ठिकाणी खणलं होतं आणि तिन्ही ठिकाणी माती निघाली होती.

मी ब्राउझर उघडला. पान उघडलं, फाइल दाखवली, काळा चौकोन आला. आमचा कार्यालयातला संगणक सासूबाईंच्या लॅपटॉपइतका चपळ नाही. पांढरे आकडे एकेक पायरी चढत होते. माझ्या मागे अख्खा विभाग गोळा झाला. कोणीतरी "चल रे, चल बाबा" म्हणत होतं. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि कडीसाहेब आत आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "बंद करा."

मी आयुष्यात वरिष्ठांना कधी उलट बोललो नाही. लग्नानंतर तर कनिष्ठांनाही नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब. दोन मिनिटं थांबा. मग मला निलंबित करा."

कडीसाहेब थांबले. बहुधा कोणीतरी त्यांना 'नाही' म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी. ती चार सुरांची धून वाजली. निळी पट्टी, नळ, थेंब. मी प्रसूतिगृहाचा रस्ता लिहिला. व्हॉल्व्ह क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी. फोन कानाला लावून मी ओरडलो, "काका! प्रसूतिगृहाच्या पूर्व कोपऱ्यापासून सव्वीस फूट. दिव्याच्या खांबापासून नऊ!"

"तिथे बसथांब्याचं बाकडं आहे हो!"

"मग बाकड्याखाली!"

बाकडं उपटल्याचे, कुदळीचे आवाज आले. मी खाली सरकलो. त्या इंजिनिअरने प्रत्येक व्हॉल्व्हखाली शेऱ्यासाठी जागा ठेवली होती आणि वर्षानुवर्षं माणसांनी त्यात मनातलं लिहिलं होतं. 'झाकण जड, दोघांनी जावे.' 'शेजारी कुत्रा, भुंकतो पण चावत नाही.' अकराशे सत्त्याऐंशीखाली एकच ओळ होती. ती वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"लागलं झाकण!" चावीकाका ओरडले. "फिरवतो!"

"थांबा! काका, कुठल्या बाजूला फिरवताय?"

"उजवीकडे. बंद करायला नेहमी उजवीकडेच. तुम्ही मला शिकवणार?"

"हा उलट्या आट्यांचा आहे! डावीकडे फिरवा! इथे लिहिलंय, 'उलटा. उजवीकडे जोर लावल्यास दांडा तुटतो.'"

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज. तीस वर्षांचा अनुभव एका कारकुनाचं ऐकावं की नाही याचा विचार करत होता. मग लोखंड करकरलं. एकदा. पुन्हा. चाळीस-पन्नास फेरे असावेत. पाण्याचा आवाज खाली आला, खाली आला, आणि रस्त्यावरच्या माणसांची बोलणी ऐकू येऊ लागली.

"बसलं," चावीकाका धापा टाकत म्हणाले. जरा थांबून, "डावीकडेच होता."

अर्ध्या तासाने प्रसूतिगृहातून फोन आला. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी माझा थंड चहा पिऊन टाकला.

कडीसाहेब कधी निघून गेले ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नोटीस आली: विनापरवाना सॉफ्टवेअरबाबत पाहणी, संबंधित तांत्रिक व्यक्तीसह हजर राहावे. संबंधित तांत्रिक व्यक्तीने चांगली साडी नेसली, कुबडी घेतली आणि माझ्या आधी तयार होऊन दाराशी उभी राहिली. फाटकावर पहारेकऱ्याने भेटीचं कारण विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "जावई." त्याने तेच लिहिलं.

कडीसाहेबांनी माझ्या संगणकाची तासभर झडती घेतली. बसवलेल्या प्रोग्रामची यादी दोनदा वर-खाली केली. नोंदी पाहिल्या, फोल्डर पाहिले. नवीन काहीच नव्हतं. असणार कसं? त्यांनी पेन उघडलं आणि 'काहीही बसवल्याचे आढळले नाही' असं लिहिलं. सही केली. पेन बंद केलं. उठले मात्र नाहीत.

"सुरू करून दाखवता?" ते म्हणाले. नेहमीसारखं हळूच, पण ते आज खरोखर विचारणं होतं.

सासूबाईंनी बटण दाबलं. काळा चौकोन, पांढरे आकडे. कडीसाहेब पुढे झुकले. धून वाजली तसा त्यांचा हात टायकडे गेला आणि त्यांनी गाठ सैल केली. मग त्यांनी दर ओळीवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे पान डिस्क कशी वाचतं, घड्याळ कुठून घेतं, वेग किती पडतो. सासूबाई सांगत होत्या, जिथे माहीत नव्हतं तिथे "ते मलाही कळलेलं नाही" म्हणत होत्या, आणि ते मान डोलवत होते. सगळे प्रश्न संपले असं वाटलं तेव्हा कडीसाहेब पडद्याकडेच बघत म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा राहत होतो त्या वसतिगृहाच्या जेवणघरासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. पहिलाच. चार वर्षं चालला. मग संगणक बदलले. त्याची डिस्क घरी आहे. बावीस वर्षं झाली, उघडलेली नाही."

"टाकून दिली नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही." आणि मग, कानापर्यंत लाल होत, "बायको दर वर्षी विचारते, हे काय आहे म्हणून."

"घेऊन या. बघू या."

"उघडेल?"

"सांगता येत नाही. आणताना मऊ फडक्यात गुंडाळा, चाव्यांच्या खिशात टाकू नका. आणि कोणी काहीही सांगितलं तरी फ्रीजरमध्ये ठेवू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोठं मन आहे त्यांचं.

"उद्या आणतो," कडीसाहेब म्हणाले. उठले, कागद गोळा केले, दारापर्यंत गेले, थांबले, आणि घड्याळ पाहिलं. "तुम्ही अजून किती वेळ आहात इथे?"

"आहे की. जावई सुटेपर्यंत."

मी खिडकीतून पाहिलं. कडीसाहेब आवारातून घराच्या दिशेने निघाले होते. आधी चालत, मग भराभर, आणि फाटकाच्या पलीकडे गेल्यावर, कोणी बघत नाही असं समजून, चक्क पळत. टाय खांद्यावर उडत होता.

सासूबाईंनी शेजारची रिकामी खुर्ची आपल्याकडे ओढली, तिच्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "ही कोणाला देऊ नका. ते येताहेत."